वाय उडाला, पंखा बंद करा!

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कुणी न वाढवता वाढायच्या. एक बुरशी आणि दुसरे किस्से. बुरशी दिसली की बाटली उकळत्या पाण्यात घालून मोकळं होता यायचं. किस्स्यांचं काय करणार? ते डोक्यात बसून राहतात, आणि मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतं, "सुमन, तू कलकत्त्याला नक्की काय करायचीस गं?" संपलंच! मठ्ठा येऊन गेला तरी मी थांबत नाही.

तर, सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं. वडील बँकेच्या बदलीनं कलकत्त्याला आलेले, आणि मी तिथंच शिकून एका मेडिकल कॉलेजच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या लॅबमध्ये नोकरीला लागलेली. काम काय? माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या, म्हणजे त्यांचं कल्चर करायचं, पेशीतले क्रोमोसोम, म्हणजे शाळेत ज्यांना गुणसूत्रं म्हणतात ते, मायक्रोस्कोपखाली धरून त्यांचा फोटो काढायचा. मग फोटोतला एकेक क्रोमोसोम कात्रीनं कापून, जोड्या लावून, कागदावर डिंकानं चिकटवायचा. शेवटची जोडी महत्त्वाची. बाईचे दोन एक्स, पुरुषाचा एक एक्स आणि एक एवढासा वाय.

आमच्या मराठी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा बेहाला भागातल्या माई देवस्थळी म्हणाल्या, "कातरकाम होय! मग भरतकामाचाच क्लास का नाही लावलास? निदान रुखवतात मांडता आलं असतं."

या माई लक्षात ठेवा. त्या पुन्हा येणार आहेत, आणि आल्या की कुणाला बोलू देणार नाहीत.

लॅबमध्ये आम्ही तिघंच. भादुडीसर आमचे प्रमुख. बुद्धी अफाट, आवाज त्याहून अफाट. तपनदा फोटो काढायचा आणि बाकी वेळ सरांच्या शिव्या खायचा. आणि मी, दोघांच्या मध्ये उभी.

*

रक्तातल्या पांढऱ्या पेशी महा आळशी. बाटलीत घातल्या की नुसत्या पडून राहतात. त्यांना जागं करायला राजम्याचा अर्क लागतो. खरंच, आपला खायचा राजमा! परदेशातून तयार अर्क मागवायचा तर सहा महिने वाट बघायची, म्हणून सर म्हणाले, "घरीच करू."

बंगाली घरात राजमा कुठला? तपनदानं भवानीपूरला एक पंजाबी दुकानदार शोधून काढला. दर महिन्याला थोडा थोडा राजमा नेणारा हा धोतरातला बंगाली बघून सरदारजी खूश. एकदा त्यानं मोठ्या प्रेमानं विचारलं, "दादा, आपके यहाँ बनाते कैसे हैं?"

तपनदाला खोटं बोलता येत नसे. त्यानं सांगितलं, "कच्चाच वाटतो. पिळून पाणी काढतो. आणि माणसाच्या रक्तात घालतो."

सरदारजीनं हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाला, "प्याज तो डालते होंगे?"

*

क्रोमोसोम चिकटवताना पंखा बंद, हा आमचा कडक नियम. मे महिना, कलकत्त्याचा उकाडा, घामानं कात्री हातातून निसटायची, पण पंखा लावायचा नाही. कागदाचे ते नखाएवढे तुकडे श्वासानंसुद्धा हलायचे. शिंक आली तर खोलीबाहेर पळायचं.

अशा मे महिन्यात दिल्लीहून एक बडे साहेब आमची ग्रँट द्यायची की नाही ते ठरवायला आले. टक्कल, कोट, टाय. आल्या आल्या म्हणाले, "भयंकर उकाडा आहे!" आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

टेबलावर एका तरण्याताठ्या पुरुषाचे सगळे क्रोमोसोम मांडलेले. एका क्षणात तो पुरुष खोलीभर पसरला! "पंखा बंद करा!" म्हणून सर असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही पंखे बंद केले. मग आम्ही तिघं गुडघ्यांवर. टेबलाखाली, कपाटाखाली, माझ्या वेणीत. सगळे सापडले, वाय सापडेना.

साहेब बिचारे ओशाळून विचारतात, "काही महत्त्वाचं राहिलंय का?"

सर म्हणाले, "विशेष काही नाही. त्याला पुरुष करणारं तेवढं राहिलंय."

एवढ्यात तपनदा चिमटा घेऊन साहेबांच्या अगदी जवळ गेला. "साहेब, हलू नका. तुमच्या कपाळावर आहे."

घामानं चिकटला होता, बरोबर मध्यभागी, टिळा लावल्यासारखा. तपनदानं चिमटा पुढं केला तशी सरांनी त्याचा हात धरला आणि हळूच बंगालीत म्हणाले, "राहू दे. ग्रँटवर सही झाली की काढ."

*

आता माई.

बेहालाला देवस्थळींचं बिऱ्हाड. मुलगा वसंतराव सरकारी कंपनीत ऑफिसर, मंडळाच्या नाटकात हमखास सरदार किंवा सेनापती. उंची बेताची, पण मिशी अशी की तिला वेगळा पगार द्यावा. सून शालिनीवहिनी सांगलीची. कमी बोलणारी, पण बोलली की एक घाव दोन तुकडे. आणि माई. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, जिभेला लगाम नाही. हॉलमध्ये माईंच्या यजमानांची ही एवढी मोठी तसबीर. तिला रोज ताजा हार. माई त्यांचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'हे' म्हणायच्या, आणि तेसुद्धा पदर सावरून.

माईंना आधी पाच मुली. पाचही सांगली-कोल्हापूरकडे दिलेल्या. मग नवस-सायास, उपासतापास, आणि सहावा वसंता. "ह्यांच्या पुण्याईनं झाला," असं त्या येईल त्याला सांगत.

वसंतरावांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. मंडळाच्या दिवाळी फराळाला माईंनी चकली मोडता मोडता सगळ्यांसमोर जाहीर केलं, "संक्रांत झाली की शालिनीला सांगलीला पोचवते. कायमची. वसंताला दुसरी बघितलीय. कायद्याचं काय ते वकील बघेल."

शालिनीवहिनी तिथंच चहाचे कप भरत होत्या. एक थेंब सांडला नाही. पण माझ्या हातातली चकली खाली गेली. इतका संताप आला होता मला! मी त्यांना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे या. दोघांची तपासणी करू."

वहिनी म्हणाल्या, "माझ्या तपासण्या पाच डॉक्टरांनी केल्यात गं. माझं पुन्हा वाटेल तितकं रक्त काढ. ह्यांचं एकदा काढ, मग बघू."

वसंतराव आले, पण छाती काढून. "मला कशाला? मिशी दिसत नाही का?" सरांनी ती मिशी खालून, वरून, दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "दिसते. पण तिचं कल्चर करता येत नाही. बाही वर करा."

वहिनींचं रक्त आधीच काढून झालं होतं. सुई बघून सेनापती टेबलावर आडवे झाले. वहिनींनी पदरानं वारा घातला आणि मला म्हणाल्या, "हे शुद्धीवर यायच्या आत काढून घे."

*

वसंतरावांच्या रक्ताची बाटली इन्क्यूबेटरमध्ये होती आणि डिसेंबरची थंडी. त्यात लोडशेडिंग! इन्क्यूबेटर गार पडायला लागला. पेशींना अंगाएवढी ऊब पाहिजे, नाहीतर मेल्याच. सरांनी तपनदाला फर्मावलं, "छातीशी धरून घरी ने."

बंगाली माणूस पंखा बंद झाला की डोक्यावर माकडटोपी चढवतो. तपनदानं ती काढली, बाटलीला घातली, वर सुतळीनं बांधली आणि शालीत घेऊन सियालदह स्टेशनला गेला. ते दिवस कसले होते ते तिथं राहिलेल्यांना सांगायला नको. रोज कुठं ना कुठं बॉम्ब फुटायचा. डब्यात एकानं विचारलं, "दादा, काय आहे?"

"जरा सांभाळून," तपनदा म्हणाला. "धक्का लागला तर सगळं संपेल."

पुढच्या स्टेशनवर अर्धा डबा रिकामा झाला. तपनदा आयुष्यात पहिल्यांदा बसून घरी गेला.

बाटली सुखरूप परत आली. पण तपनदा पुढं तीन महिने रोज संध्याकाळी रिकामी बाटली माकडटोपीत बांधून नेत होता.

*

वसंतरावांचे क्रोमोसोम मी कापले, जोड्या लावल्या, आणि शेवटच्या जोडीला अडकले. दोन एक्स. वाय नाही.

"वाय उडाला!" मी ओरडले. तिघंही पुन्हा गुडघ्यांवर. सरांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग स्वतःचं कपाळ चाचपलं. कुठं काही नाही. अहो, उडाला असता तर मूळ फोटोत तरी असता! तिथंही नव्हता.

मग सर माझ्यावर घसरले. "नवऱ्याच्या नावावर बायकोचं रक्त लावलंस! दोघांचं एकदम काढलंत ना?" मग तपनदावर. "तूच! सियालदहला कुणाशी बाटली बदललीस?"

पुन्हा रक्त. सेनापती पुन्हा आडवे. पुन्हा दोन एक्स.

तिसऱ्यांदा वहिनींना यायलाच बंदी. सरांनी स्वतः रक्त काढलं, इन्क्यूबेटरला स्वतः कुलूप लावलं, किल्ली जानव्याला. या वेळी एक नवा रंगही वापरला, मलेरियाच्या औषधाच्या जातीचा. त्या रंगात पुरुषाच्या पेशीतला वाय खास दिव्याखाली काजव्यासारखा चमकतो. तुलनेला तपनदाच्या पेशी ठेवल्या. खोलीत अंधार केला. तपनदाच्या पेशीत ठिपका लखलखला. "आहे! आहे!" तपनदा म्हणाला, त्याला खरंच शंका आली होती बहुतेक. वसंतरावांच्या पेशीत मिट्ट काळोख.

सर दिवा लावायचंच विसरले. अंधारातून त्यांचा आवाज आला, "शुमोन," बंगालीत मी शुमोन, "हे मी परदेशी जर्नलमध्ये वाचलं होतं. बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

*

त्या दुपारी बौदी, म्हणजे सरांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या होत्या. सर मूळचे पूर्व बंगालचे, म्हणजे बांगाल, सगळ्यात मिरची. बौदी पश्चिमेच्या, म्हणजे घोटी, सगळ्यात साखर. त्या घरातली लढाई सगळ्या कॉलेजला पाठ.

सरांनी फळ्यावर एक्स-वाय काढले. "हे बघा. बापाच्या शरीरात बीज तयार होताना बाकीच्या जोड्या गळ्यात गळे घालतात, भरपूर देवाणघेवाण करतात. एक्स आणि वायचं मात्र पटत नाही. ते फक्त टोकाला टोक लावतात. जी काय अदलाबदल व्हायची ती त्या टोकापुरती. आता समजा, एखाद्या वेळी ती हद्द ओलांडून झाली. वायचा, पुरुष घडवणारा तुकडा एक्सच्या टोकावर जाऊन बसला. तो एक्स मुलाला मिळाला. काय होईल?"

"मुलगा होईल," मी म्हटलं, "पण वायशिवाय."

"बरोबर! जर्नलवाले अजून भांडताहेत, पण माझी पैज. पुरुष होईल. मिशी येईल. पण मूल व्हायला वायचा बाकीचा भागही लागतो, तो नाही."

बौदींनी शांतपणे डबा उघडला. "आमच्याकडेही आज हद्द ओलांडली आहे. तुमच्या डाळीत साखर आहे. गप खा."

सर खाऊ लागले. दोन वर्षांतला सगळ्यात मोठा शोध हाताशी होता आणि मला दिसत होती ती चहाचे कप भरणारी बाई.

*

संक्रांत झाली. ज्या दिवशी वसंतरावांना निकाल सांगायला बोलावलं, त्याच संध्याकाळचं हावड्याहून वहिनींचं तिकीट निघालेलं. माई ठाम होत्या. वहिनीही ठाम. "निकाल ऐकल्याशिवाय गाडीत बसणार नाही. तुम्ही म्हणाल तिथं जाईन, पण ऐकून जाईन." म्हणून बेहालाहून हावड्याला जाता जाता टॅक्सी आमच्या दारात थांबली. ट्रंक टॅक्सीत, माई आणि वहिनी बाहेरच्या बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर.

वसंतराव आत आले. सांगायचं काम सरांनी माझ्या गळ्यात टाकलं, कारण मी मराठी. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

त्यांचा हात मिशीकडे गेला. "म्हणजे मी..."

"पुरुषच आहात," मी म्हटलं.

सर हिंदीत म्हणाले, "सौ टक्का. मूँछ असली है."

"आणि मूल?"

"नाही होणार, वसंतराव."

नाटकात हा माणूस दर अंकाला गर्जना करायचा. तो उठला, हळूच दाराशी गेला आणि म्हणाला, "माई, आत ये. शालिनी, तूही ये. दोष हिच्यात नाही गं माई. माझ्यात आहे."

वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, बसा आधी." आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या दोघांना माईंसमोर असं कुणी पाहिलं नव्हतं.

"बायकोला वाचवायला काहीही बोलतोय मेला!" माई फणकारल्या. "ए सुमन, तुझ्या त्या सरांना विचार. मला पुराव्यानिशी पाहिजे."

सरांनी टेबलावर कागदाचे क्रोमोसोम मांडले. पंखा बंद आहे ना ते बघितलं. ते बंगालीत सांगत गेले, मी मराठीत. आई नेहमी एक्सच देते. बापानं एक्स दिला की मुलगी, वाय दिला की मुलगा.

माईंनी हात वर केला. "थांब. मुलगा की मुलगी, हे बापाच्या हातात?"

"हातात असं नाही माई, पण त्याच्याकडून येतं. आईच्या बाजूनं काही फरक पडत नाही."

"माझ्या पाच मुली..."

"त्यांच्या वडिलांच्या एक्सनं."

माई खुर्चीवर बसल्या. लॅबच्या वस्तूंना शिवायचं नाही म्हणून तोवर त्या उभ्याच होत्या. "दर बाळंतपणाला सासूबाई माझं तोंड बघायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "तिसरीला तर पाचवीसुद्धा पुजली नाही. आणि हे ओसरीवर पान जुळवत बसलेले. एक शब्द नाही." मग एकदम मान वर करून, "आणि वसंता? त्याच्या वेळी काय दिलं?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी कागदाचा एक्स उचलला, वायच्या टोकाचा कणभर तुकडा कात्रीनं कापला आणि त्याच्या डोक्यावर चिकटवून माईंच्या पुढ्यात ठेवला.

माईंनी वाकून तो बघितला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, तो तुकडा उडेल म्हणून नव्हे.

"म्हणजे सहाव्या वेळीही तेच!" माई म्हणाल्या. "वर टोकाला एवढंसं चिकटवून!"

मग त्या उठल्या, पदर खोचला आणि वसंतरावांपुढे हात केला. "तिकीट दे इकडं."

"माई, अगं शालिनीचं..."

"बायकांच्या डब्याचंच आहे ना? मग मी जाते. पाचही पोरींना सांगून येते." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "शालिनी, ट्रंक तुझी नेते, चार दिवस तुझ्याच पातळांत काढीन. तू जा घरी, त्याला जेवायला वाढ. आणि हे बघ, मी येईपर्यंत त्या तसबिरीला हार घालू नकोस!"